परक्या कॅमेऱ्याची घराशी ओळख

इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन मी कोल्हापुरात कामाला लागलो, तेव्हा सीसीटीव्हीचे काम म्हणजे भिंतीला भोके पाडायची, थ्री प्लस वन केबल ओढायची, टोकांना चित्रासाठी बीएनसी कनेक्टर आणि विजेसाठी डीसी पिन लावायची आणि डीव्हीआरच्या (रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर चार चौकोन दिसले की हिशेब करून निघायचे, अशी माझी समजूत होती. ती मोडली शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी. त्यांच्याकडे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर चालू होते, दिवे आणि पाण्याची मोटर त्यावरच चाले, आणि वेगवेगळ्या वर्षी घेतलेले तीन निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे त्यात आणून द्यायचे होते. दुपारभर खटपट करून मी तिन्ही चित्रे टॅबलेटवर आणली आणि अभिमानाने त्यांच्यापुढे धरली. सर म्हणाले, "चित्र तर मला मोबाइलवर आधीही दिसत होतं. गेटपाशी माणूस आला की पोर्चचा दिवा लागेल का, तेवढं सांगा."

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने हा प्रश्न पहिल्या भेटीतच ग्राहकाला विचारावा. ऑटोमेशनला चित्राचा फारसा उपयोग नसतो, त्याला घटना लागते: हालचाल झाली, माणूस दिसला, कॅमेरा झाकला गेला. कॅमेरा चित्र देत असला तरी घटना बाहेर देतोच असे नाही, आणि देत असला तरी ती विश्वासार्ह असेलच असे नाही.

ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ऑनव्हिफ हा सामायिक करार सुरू केला, तो अशा परक्या उपकरणांना एकमेकांशी बोलता यावे म्हणूनच. परंतु खोक्यावर ऑनव्हिफ छापलेले पाहून शब्द देऊ नये, त्यातला कोणता प्रोफाइल, म्हणजे सोयींचा कोणता ठरलेला संच, आहे ते पाहावे. प्रोफाइल एस मुख्यतः चित्रप्रवाहापुरता आहे, तर प्रोफाइल टी मध्ये एच.२६५ ही चित्र दाबून लहान करण्याची पद्धत आणि हालचालीच्या घटना यांचा समावेश होतो. शिवाय ही सोय पुष्कळदा कारखान्यातून बंदच येते. हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते आणि तिच्यासाठी वेगळा वापरकर्ता तयार करावा लागतो. टॅपोच्या कॅमेऱ्यांत ॲपमधून निराळे कॅमेरा खाते उघडल्याशिवाय बाहेरच्या कोणालाही प्रवाह मिळत नाही. बॅटरीवर चालणारे कॅमेरे बहुतेक वेळ झोपलेले असतात आणि बहुधा फक्त कंपनीच्या सर्व्हरशीच बोलतात, म्हणून ते जोडून देण्याचे काम मी आता घेतच नाही.

ग्राहकाकडे गेल्यावर होम असिस्टंटला हात लावण्यापूर्वी लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उघडून कॅमेऱ्याचा आरटीएसपी प्रवाह, म्हणजे नेटवर्कवरून येणारे थेट चित्र, तपासावा. त्याचे नेहमीचे पोर्ट ५५४ असते आणि पत्ता कंपनीगणिक बदलतो. हिकव्हिजनच्या पत्त्यात पहिल्या चॅनेलच्या मुख्य, म्हणजे पूर्ण रिझोल्यूशनच्या, प्रवाहाचा क्रमांक १०१ आणि उपप्रवाहाचा १०२ असतो. येथे चित्र आले नाही, तर पुढे काहीच येणार नाही. दोन प्रवाहांचा हा भेद मला महागात पडला होता. सरांच्या घरी मी तिन्ही कॅमेऱ्यांचे मुख्य प्रवाह त्या बिचाऱ्या रास्पबेरी पायवर सोडले, आणि संध्याकाळपर्यंत दिव्यांची बटणेसुद्धा उशिरा प्रतिसाद देऊ लागली. हालचाल ओळखण्यासाठी कमी रिझोल्यूशनचा उपप्रवाह पुरतो, मुख्य प्रवाह रेकॉर्डिंगला द्यावा. उपप्रवाह एच.२६४ या जुन्या पद्धतीतच ठेवावा, कारण एच.२६५ मुळे डिस्कवरची जागा वाचत असली तरी प्रत्येक ब्राउझरमध्ये ते चालत नाही आणि मग पडदा काळा का, हे समजावत बसावे लागते.

आता दिव्याविषयी. मी कॅमेऱ्याच्या हालचालीच्या घटनेवर पोर्चचा दिवा लावला आणि दोन मिनिटांनी विझवण्याची सूचना दिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांचा फोन आला की दिवा रात्रभर लागतो आहे आणि विझतो आहे, शेजारी विचारायला आले आहेत. कारण शोधायला मला दोन रात्री लागल्या. दिवा लागला की कॅमेरा रात्रीच्या कृष्णधवल दृश्यातून दिवसाच्या रंगीत दृश्यात जाई, विझला की परत येई. प्रत्येक वेळी सगळे चित्र एकदम बदले आणि चित्राच्या ठिपक्यांतील फरक मोजणारा कॅमेरा त्यालाच हालचाल समजे. म्हणजे दिवा स्वतःच स्वतःला बोलावत होता. दिव्याची स्थिती बदलल्यानंतर पंधरा सेकंद घटनेकडे दुर्लक्ष करण्याची अट घातली आणि ते चक्र थांबले. पण पुढे जून उजाडला. कोल्हापूरच्या पावसात कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडच्या (डोळ्याला न दिसणाऱ्या) उजेडात थेंबांच्या रेषा चकाकतात, किडे भिंगाभोवती जमतात आणि त्या किड्यांसाठी कोळी तिथेच जाळे विणतो. जाळे वाऱ्याने हलले की घरात चोर आल्याची सूचना जाते. यावर दोन उपाय लागू पडले. कॅमेऱ्याचा स्वतःचा इन्फ्रारेड बंद करून चार-पाच फुटांवर वेगळा इन्फ्रारेड दिवा बसवला, त्यामुळे किडे तिकडे गेले. आणि इंटेल प्रोसेसरचा एक जुना मिनी पीसी घेऊन त्यावर फ्रिगेट हे सॉफ्टवेअर चालवले, जे केवळ ठिपके मोजून थांबत नाही, तर चित्रात माणूस आहे का ते ओळखते आणि एमक्यूटीटी या उपकरणांतील निरोपांच्या व्यवस्थेमार्फत होम असिस्टंटला कळवते. गेटच्या आतला भागच क्षेत्र म्हणून आखून दिला, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यांसाठी दिवा लागेनासा झाला.

नेटवर्क शिकल्याशिवाय या कामात पडू नये, असे मी स्पष्ट सांगेन. प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी पत्ता राउटरमध्ये राखून ठेवावा, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ते बदलतात आणि फोन तुम्हाला येतो. २०१६ मध्ये मिराय या मालवेअरने कारखान्याचे पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते, त्यामुळे पासवर्ड बदलणे हे पहिले काम आणि कॅमेऱ्यांना इंटरनेटपासून तोडणे हे दुसरे. यात एक खोच आहे: इंटरनेट तोडले की कॅमेऱ्याचे घड्याळ हळूहळू चुकू लागते, आणि चुकीच्या वेळेचे रेकॉर्डिंग दाखवताना पंचाईत होते, म्हणून वेळ देण्याचे काम घरातल्या राउटरकडे सोपवावे. बाहेरून पाहायचे असेल तर राउटरचे पोर्ट उघडण्याऐवजी वायरगार्ड किंवा टेलस्केल यांसारखी व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची सुरक्षित खासगी वाट, वापरावी. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतच नाही, त्यामुळे पोर्ट उघडूनही उपयोग होत नसतो. कॅमेरे इंटरनेटवर ठेवल्याचा एक अनुभव मलाही आहे. एका स्वस्त कंपनीच्या कॅमेऱ्याने रात्रीत आपोआप अपडेट घेतला आणि सकाळी त्यातील आरटीएसपीची सोयच नाहीशी झाली. तो कॅमेरा मी पदरचे पैसे घालून बदलून दिला.

साठवणुकीचा हिशेब कागदावर करून द्यावा. ४ एमबीपीएसचा एक प्रवाह दिवसाला सुमारे ४३ जीबी घेतो, म्हणजे चार कॅमेऱ्यांचे पंधरा दिवसांचे रेकॉर्डिंग २.६ टीबीच्या घरात जाते. नवीन वायरिंग असेल तर पीओईचाच, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याचा, आग्रह धरावा: एकच कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, ८०२.३ एएफ मानकाच्या साध्या स्विचकडून प्रत्येक पोर्टला १५.४ वॅटपर्यंत वीज मिळते, आणि एका यूपीएसवर सगळे कॅमेरे तग धरतात. गल्लीतल्या घरांत समोरच्याचा दरवाजा हमखास चित्रात येतो; तेवढा भाग काळा करून तो शेजाऱ्यांना दाखवून द्यावा, म्हणजे भांडण तिथेच मिटते.

रेकॉर्डर कुठे ठेवायचा, हा प्रश्न कोल्हापुरात वेगळा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ च्या पुरानंतर कुंभार गल्लीच्या परिसरात तळमजल्यावर यंत्रे ठेवायला कोणी तयार होत नाही. सरांकडेही मिनी पीसी, स्विच आणि यूपीएस पहिल्या मजल्यावरच्या देवघरामागच्या कपाटात गेले. पुढच्या जुलैत त्यांनी गेटच्या खांबावर पांढऱ्या रंगाने फुटांच्या खुणा काढून घेतल्या आणि मला फोन केला. दर अर्ध्या तासाला त्या खांबाचे एक छायाचित्र पुण्यातल्या त्यांच्या मुलीला जावे, एवढेच त्यांना हवे होते. ते काम दहा मिनिटांत झाले. त्यासाठी कोणतीही घटना ओळखावी लागली नाही.