शोकाची कविता अभ्यासताना: आधी ‘च’ आणि ‘आपण’ शोधा

विलापिका, म्हणजे शोकाची कविता, हातात आली की नवा अभ्यासक पेन्सिल उचलतो आणि अश्रू, वेदना, काळीज, आठवण, अंधार अशा शब्दांखाली रेघा मारत सुटतो. हाच तो खड्डा. यात पडलेला माणूस लवकर बाहेर येत नाही, आणि आलाच तरी हात पुढे कित्येक दिवस त्याच शब्दांकडे वळतो. रेघा मारून झाल्या की वहीत उतरतं : ‘कवीने येथे तीव्र दुःख व्यक्त केले आहे.’ हे वाक्य कुठल्याही शोककवितेखाली चिकटवता येतं. जे कुठेही चिकटतं ते या कवितेबद्दल काहीच सांगत नाही.

थोडं लांबण लावतो, कारण सगळी गोम इथेच आहे. नमुन्यासाठी रचलेल्या या दोन ओळी पाहा :

तुझा चष्मा मी रोज पुसते.
रोज तो स्वच्छच निघतो.

भावनेचा एकही शब्द नाही. आता दुसऱ्या ओळीतला ‘च’ काढा. ‘रोज तो स्वच्छ निघतो’ म्हणजे पुसल्यावर स्वच्छ होतो, घरकामातली एक साधी गोष्ट. ‘च’ परत बसवा. चष्मा पुसायच्या आधीपासूनच स्वच्छ आहे, कारण तो कोणी घातलेलाच नाही. एका अक्षराच्या अव्ययावर अख्खं माणूस नाहीसं झालं. मग पहिल्या ओळीतलं ‘रोज’ पुन्हा वाचा. पुसायची गरज नाही हे बाईला ठाऊक आहे, तरी ती पुसते. रेघ मारायची तर या ‘च’खाली आणि दोन्ही ‘रोज’खाली. ‘चष्मा हे वियोगाचे प्रतीक’ असं लिहून मोकळं होऊ नका. प्रतीक म्हटलं की विचार थांबतो.

म्हणून पहिल्या वाचनात नामं आणि विशेषणं हाताने झाका. च, ही, तरी, अजून, पुन्हा, नुसता हे शब्द आधी टिपा. मग सर्वनामांचा वेगळा रकाना करा. मराठीत ‘आपण’मध्ये ऐकणारा सामील असतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर राहतो. कविता ‘आपण’वर सुरू होऊन ‘आम्ही’वर आणि शेवटी ‘मी’वर येत असेल, तर माणूस कोणत्या ओळीत गेला हे तुम्हाला बोट ठेवून दाखवता येतं, मरणाचा उल्लेख कुठेच नसला तरी. फक्त तो ‘आपण’ आदरार्थी किंवा ‘माणसाने’ अशा अर्थाचा नाही ना, एवढं तपासा. तसंच ‘तो’ म्हणून चाललेली कविता अचानक ‘तू’ म्हणू लागली, किंवा हयातभर अहो-जाहो केलेल्या माणसाला ‘तू’ म्हटलं गेलं, तर ती ओळ वहीत स्वतंत्र उतरवा.

तिसरा रकाना क्रियापदांचा. ‘तो दारात चप्पल काढायचा’ यात मोडलेली सवय आहे. ‘काढत असे’ म्हटलं की अंतर पडतं, जुनी हकिगत सांगितल्यासारखं वाटतं. ‘काढली’ ही एकदाच घडलेली गोष्ट. आणि माणूस गेल्यानंतरही ‘काढतो’ असेल, तर बोलणाऱ्याने मरण अजून मान्य केलेलं नाही. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत मूल गेलेलं आहे आणि आई ‘निजला’ म्हणते. सगळा भार त्या क्रियापदावर आहे. तिथे ‘वारला’ घालून पाहा, कविताच उरत नाही.

हे तीन रकाने सोळा ओळींच्या कवितेला पहिल्यांदा दोन-अडीच तास खातात. घाबरू नका. पाच-सहा कवितांनंतर निम्म्या वेळात होतात.

आता वृत्त. इथेही सगळ्यांचा लाडका असा एक शॉर्टकट आहे : मंदाक्रांता म्हणजे विरह, वियोगिनी म्हणजे शोक. मार्गदर्शिकांतला हा तक्ता फाडून टाकावा अशा मताचा मी आहे. मंदाक्रांतेत सतरा अक्षरं. आधी चार गुरू (जड, लांब अक्षरं), मग यती, म्हणजे थांबा. मग पाच लघू (हलकी, आखूड अक्षरं) नि एक गुरू, पुन्हा यती. शेवटी सात अक्षरं. म्हणजे आवाज आधी जड पावलं टाकतो, मग धाप लागल्यासारखा धावतो, मग सावरतो. ‘मेघदूता’त ही चाल विरहाला शोभते, खरं आहे. कालिदासाने ‘कुमारसंभवा’तला रतिविलाप (रतीचा पतीसाठीचा शोक) आणि ‘रघुवंशा’तला अजविलाप (अज राजाचा पत्नीसाठीचा शोक) दोन्ही वियोगिनीत बांधले, हेही खरं. पण भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या दुसऱ्या सर्गात त्याच वियोगिनीत भीम आणि युधिष्ठिर युद्ध करावं की थांबावं याची खलबतं करतात. तिथे कोणी रडत नाही. वृत्त नुसता साचा देतं. त्यातल्या जड जागी कवीने कोणता शब्द बसवला, ते पाहायचं.

जवळून पाहायचं तर रेव्हरंड टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य’मधली जखमी पक्षिणीची ओळ घ्या :

क्षणोक्षणि पडे, उठे, परि बळे, उडे बापडी

वृत्त पृथ्वी, अक्षरं सतरा, यती आठव्यावर. अक्षरं मोजलीत तर आठवं अक्षर ‘उठे’तलं ‘ठे’ आहे. पक्षीण उठते आणि ओळ तिथेच दम खाते. पडे, उठे, बळे, उडे हे चारही शब्द लघू-गुरू, दोन-दोन अक्षरांचे. प्रत्येक शब्द किंचित उचलतो आणि टेकतो. कळवळ्याचा शब्द एकच, ‘बापडी’, तोही सगळ्यात शेवटी. आणखी एक : आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे ‘क्षणोक्षणी’ असं दीर्घ लिहिलंत की गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचा लघू-गुरूंचा गट, बिघडतो. कवीला दोष देण्याआधी छापील प्रत तपासा.

मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी बावीस अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा आणि यमकाबाहेर, त्यामुळे तिथे आवाज एकटा पडतो. हे सगळे चौथे चरण एका कागदावर खालोखाल लिहून काढा. शोकाचा अभंग असेल तर पुष्कळदा तेवढ्यावरूनच त्याचा कणा दिसतो. गझलेत रदीफ, म्हणजे शेरांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द, तोच राहतो. सहाव्या शेरापर्यंत त्याचा अर्थ बदलला का, की तो नुसता लोंबकळतोय, एवढं विचारा. सुनीत (सॉनेट) या काव्यप्रकाराच्या चौदा ओळींत आठवीनंतर कलाटणी आहे का पाहा, बस.

मुक्तछंदाला सोपं समजणाऱ्यांनी मात्र जपावं. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. ओळ क्रियापदाच्या आधी तुटली की वाचणारा अधांतरी राहतो, आणि पुढच्या ओळीत क्रियापद आलंच नाही तर ते नसणंच ऐकू येतं. पण दर ओळ अशी तुटत असेल तर ती कवीची लकब आहे, शोक नव्हे. तुटलेल्या ओळी मोजा. वीसपैकी दोन असतील तर त्या दोनांवर लिहा, अठरा असतील तर उरलेल्या दोनांवर.

कवीचं चरित्र शेवटी वाचा. अमक्या साली पत्नी वारली, म्हणून ही कविता, असं आधी कळलं की डोळे कवितेत शिरतच नाहीत. मार्गदर्शक निवडताना एकच पाहा : तो कविता मोठ्याने वाचतो का, आणि एखाद्या ओळीवर ‘इथे मला अर्थ लागत नाही’ असं म्हणू शकतो का. पहिल्याच तासाला अर्थ लिहून देणाऱ्यापासून लांब राहा, मग तो कितीही नावाजलेला असो.

आणि कधी एखादी कविता आपल्याच घरातल्या ताज्या मरणाला जाऊन भिडते. तेव्हा रसग्रहण जमत नाही, हात थांबतो. त्यात कमीपणा काही नाही. रकाने कोरे ठेवा, त्या दिवशी नुसते लघू-गुरू मांडा आणि तारीख घालून वही मिटा. महिनाभराने तेच पान उघडलंत की गणांच्या खुणा तयार असतात, ‘च’पासून सुरुवात करता येते.