सिग्नलला काटा वर, हायवेवर खाली

सिग्नलला थांबलो की टेंपरेचरचा काटा चढायचा, मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की पुन्हा मध्यावर यायचा. यावरूनच मला रेडिएटरला (इंजिनची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) वारा घालणाऱ्या फॅनचा संशय आला: वेगात समोरचा वारा ते काम करतो, थांबल्यावर फॅनच लागतो. रेडिएटर चोंदला असता तर वेगात गाडी जास्तच तापली असती.

आधी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, मगच रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम असताना ते कृपया उघडू नका. दाबामुळे कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, पण झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं. कूलंट काठोकाठ होतं, गळतीही नव्हती.

मग इंजिन चालू करून एसी लावला. फॅन ढिम्म! फ्यूज शाबूत. बॅटरीवरून थेट वायर दिली तर फॅन झकास फिरला, म्हणजे मोटर ठीक. शेवटी हॉर्नचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), त्याच नंबरचा होता म्हणून, फॅनच्या जागी लावला आणि फॅन सुरू झाला. जुना रिले उघडला तर आतला पॉइंट जळून काळा पडलेला, त्याच्या कडेचं प्लॅस्टिकही वितळलेलं.

नवा रिले बसवून अर्धा तास गाडी जागेवरच चालू ठेवली. फॅन आपोआप लागत होता, थांबत होता. काटा मध्यावरून हलला नाही.