मार्वेची बोट, उत्तनचा रस्ता: मित्रासोबत सायकलवर एक दिवस

मुंबईपासून फार लांब न जाता एका दिवसात खाडी, कोळीवाडे, भातशेती आणि किल्ला असे सगळे सायकलवरून पाहायचे असेल, तर मालाडहून मार्वे, तेथून बोटीने मनोरी आणि पुढे गोराई, उत्तन करत चौक गावापर्यंत जावे. मालाड स्टेशनपासून धरले तर जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर होतात. रोजचा सराव नसलेल्या धडधाकट माणसालाही हे अंतर जमते, मात्र त्यासाठी दोघांपैकी हळू चालवणाऱ्याच्या चालीने दिवस आखावा लागतो. शाळेपासूनच्या मित्राबरोबर मी गेल्या डिसेंबरात हा रस्ता केला, आणि त्या दिवशी जे नीट झाले व जे चुकले, ते दोन्ही येथे लिहीत आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा आणि उजाडता उजाडता घर सोडावे. लवकर निघायचे ते केवळ उन्हासाठी नाही. हिवाळ्यात पहाटे किनाऱ्यावर वारा जवळजवळ पडलेला असतो, आणि जमीन तापली की दुपारच्या सुमारास समुद्रावरून वायव्येकडचा वारा सुटतो. मनोरी ते उत्तन हा रस्ता उत्तरेकडे जातो, त्यामुळे जाताना वारा सुटण्यापूर्वी अंतर कापले, तर परतताना तोच वारा पाठीशी मिळतो. उत्तनहून भाईंदर, दहिसरमार्गे गोल फेरा घेऊन घरी येता येते, पण भर दुपारी त्या वाहतुकीत शिरण्यापेक्षा आल्या वाटेने परतणे मला अधिक पसंत आहे.

सायकलची तपासणी आदल्या रात्रीच करावी. सर्वांत आधी सीटची उंची पाहावी: पॅडल खालच्या टोकाला असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ झाला पाहिजे. माझ्या मित्राने सीट चार बोटे खाली ठेवली होती आणि पहिल्या १० किलोमीटरांतच त्याचे गुडघे दुखू लागले. मनोरीच्या धक्क्यावर सीट वर घेतल्यावर दुखणे हळूहळू थांबले. दोन्ही ब्रेक, चेनचे तेल आणि टायरमधील हवा पाहावी. हवेचा योग्य दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो. प्रत्येकाने स्वतःच्या टायरच्या मापाची एक जादा ट्यूब घ्यावी. टायर लिव्हर, पंप, पॅच, सोल्यूशन आणि पाना मात्र दोघांत एकेक पुरतो. पाणी प्रत्येकी दोन लिटर असावे.

मार्वेच्या धक्क्यावर माणसांबरोबर दुचाक्या आणि सायकलीही बोटीत चढतात. सायकल चढवताना एकाने आधी आत उतरून पुढचे चाक धरावे आणि दुसऱ्याने मागून उचलून द्यावे, कारण ओहोटीला धक्का आणि बोट यांत बरेच अंतर पडते. खाडी काही मिनिटांतच ओलांडली जाते, आणि पलीकडे उतरताच मालाडचा गोंगाट इतका मागे पडतो की मित्राशी आवाज न चढवता बोलता येते.

मनोरीपासून हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवावे. चांगला सराव असलेला पुढे राहिला तर नकळत वेग वाढवतो, आणि मागचा काही न बोलता दमत जातो. वेग योग्य आहे की नाही हे ओळखायला घड्याळ लागत नाही: पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. रस्ता अरुंद असून रिक्षा आणि टेम्पो वळणांवरून अचानक समोर येतात, म्हणून गप्पांचा मोह कितीही झाला तरी एकामागे एकच चालवावे.

गोराई सोडल्यावर माझे मागचे चाक बसले. मी ट्यूब बदलली, हवा भरली आणि १० मिनिटांत चाक पुन्हा बसले, कारण पंक्चर कशाने झाले हे मी पाहिलेच नव्हते. मित्र म्हणाला, ‘‘अरे, घाई कसली? आधी काटा शोधू.’’ त्याने टायर पूर्ण काढला आणि रुमाल आतून हळूहळू फिरवला. एका जागी रुमालाचा धागा अडकला, आणि तेथे केसाएवढ्या पोलादी तारेचा तुकडा रबरात रुतून बसलेला सापडला. पंक्चर काढताना हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. उघड्या बोटाने चाचपू नये, बोट कापते. ट्यूबचे भोक सापडल्यावर ट्यूब टायरशेजारी वॉल्वला वॉल्व जुळवून धरावी, म्हणजे तार किंवा काटा कोठे असेल याचा अंदाज येतो. पॅच लावण्यापूर्वी सोल्यूशन बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यावे.

उत्तनला सायकलवरून उतरून चालावे. बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात, आणि जवळ जाऊन पाहिले तर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून जोडीने टांगलेले दिसतात. बांधायला दोरा लागत नाही. फोटो काढण्यापूर्वी तेथे काम करणाऱ्या मावशींना विचारावे. पुढे चौकला धारावी किल्ल्याची जागा आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये तो घेतला, आणि तेथे उभे राहून खाडीपलीकडे वसईचा किनारा पाहिला की ही जागा आधी हाती येणे का गरजेचे होते ते लगेच समजते. येथे किमान अर्धा तास द्यावा. गोराईचा पॅगोडा मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

जेवण परतीच्या वाटेवर, पण हलकेच घ्यावे. घरी आल्यावर दमलो म्हणून सायकल तशीच भिंतीला टेकवू नये, कारण खाऱ्या हवेने चेनवर गंज लवकर चढतो. ओल्या फडक्याने सांगाडा आणि चेन पुसून, कोरडी करून, चेनच्या प्रत्येक कडीला एकेक थेंब तेल द्यावे आणि वरचे तेल पुसून घ्यावे. आम्ही दोघांनी हे काम माझ्या इमारतीच्या आवारात एकाच बादलीच्या पाण्यात केले, आणि काळोख पडेपर्यंत मित्र घरी गेला नाही.