पोर्ट म्हणजे नेमका कुठला पोर्ट? ओळखायचं कसं

मी आयात-निर्यातीची कागदपत्रं तयार करणाऱ्या एका सॉफ्टवेअरचं काम बघतो, त्यामुळे पोर्ट हा शब्द दिवसभर कानावर पडत असतो आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. एकदा तक्रार आली, "पोर्ट चुकीचा येतोय, लगेच बदला." बस, एवढंच. मी दोन तास सर्व्हरच्या सेटिंगमध्ये डोकं घालून बसलो, फायरवॉल (नको ती कनेक्शन अडवणारी यंत्रणा) तपासली, सगळं जागच्या जागी. शेवटी फोन केला तेव्हा कळलं की बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनी मालाची पावती म्हणून देते तो कागद) माल उतरवायचं बंदर रॉटरडॅमच्या जागी सिंगापूर छापून येत होतं. सर्व्हरचा बिचाऱ्याचा काही संबंधच नव्हता!

तेव्हापासून मी आधी क्रियापद बघतो. जहाज पोर्टला लागतं, केबल पोर्टमध्ये जाते, प्रोग्राम पोर्टवर चालतो, आणि मोबाईल नंबर किंवा सॉफ्टवेअर पोर्ट करतात. निम्म्या वेळा एवढ्यावरच उलगडा होतो. अडचण येते ती "पोर्ट बंद आहे" अशा वाक्यात, कारण वादळामुळे बंदर बंद असतं आणि फायरवॉलमुळे सर्व्हरचा पोर्टही बंदच असतो.

अशा वेळी शेजारी काय लिहिलंय ते बघायचं. नुसता आकडा असेल तर बहुतेक नेटवर्कचा पोर्ट, म्हणजे मशीनवरच्या कुठल्या प्रोग्रामशी बोलायचं ते सांगणारा क्रमांक. हा आकडा १६ बिटांचा असतो म्हणून ६५५३५ च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे कोणी ७०००० म्हणाला तर त्याला काहीतरी वेगळंच म्हणायचंय किंवा टायपो आहे. ८० म्हणजे साधी वेबसाइट, ४४३ म्हणजे कुलूपवाली, २२ म्हणजे एसएसएच, दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय. (हा २२ मजेशीर आहे, २१ फाइली पाठवणाऱ्या एफटीपीकडे होता आणि २३ दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या जुन्या टेलनेटकडे, मधला रिकामा होता तो १९९५ मध्ये एसएसएच बनवणाऱ्याने मागून घेतला.) आणि पाच अक्षरांचा कोड दिसला, म्हणजे एनएलआरटीएम (रॉटरडॅम) किंवा एसजीएसआयएन (सिंगापूर) असं काही, तर तो व्यापारातला. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन ठिकाणाची. पण कोड आहे म्हणजे समुद्र असणारच असं धरून चालू नका, याच पद्धतीचे कोड विमानतळांना आणि समुद्रापासून लांब असलेल्या कंटेनर डेपोंनाही असतात, ज्यांना ड्राय पोर्ट म्हणतात.

आता व्यापारातला पोर्ट आहे हे कळलं तरी काम संपत नाही, कारण पुढचा प्रश्न कुठला, चढवायचा की उतरवायचा? इथे नवीन माणूस हमखास चुकतो. सौद्यात भाव कुठपर्यंतचा ते सांगणाऱ्या अटी असतात. एफओबीच्या (माल जहाजावर चढवेपर्यंतचा भाव) पुढे माल चढवायचं बंदर लिहितात आणि सीआयएफच्या (किंमत, विमा आणि भाडं धरून भाव) पुढे माल पोचायचं बंदर. म्हणजे सिंगापूरहून रॉटरडॅमला माल चाललाय तर एफओबी सिंगापूर, पण सीआयएफ रॉटरडॅम. त्यातही गोम अशी की सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विकणारा रॉटरडॅमपर्यंत भरतो, पण माल सिंगापूरला जहाजावर चढला की जोखीम माल विकत घेणाऱ्याची. म्हणजे वाटेत माल भिजला तर विमा कंपनीच्या मागे घेणाऱ्याने लागायचं. पुढे नाव रॉटरडॅमचं दिसतं म्हणून लोकांना वाटतं तिथे पोचेपर्यंत आपल्याला काही बघायचं नाही, आणि मग भांडणं.

कॉम्प्युटरचा पोर्ट "बंद" असेल तर एरर कुठली आली ते नीट वाचा. कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर बहुतेक वेळा पलीकडची मशीन चालू आहे, फक्त त्या पोर्टवर कुठला प्रोग्राम बसलेला नाही, तेव्हा सर्व्हिस चालू आहे का ते बघा. नुसतंच ताटकळत ठेवून टाइमआउट झालं तर फायरवॉल मधल्या मधे पॅकेट (डेटाचे तुकडे) गिळतेय असा संशय घ्या, नाहीतर मशीनच बंद असेल. आणि अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज आलं तर उलटं, तिथे आधीच कोणीतरी बसलंय, नेटस्टॅट (चालू कनेक्शन दाखवणारी कमांड) चालवून कोण ते शोधा, बऱ्याचदा तुमच्याच प्रोग्रामची जुनी कॉपी मागे चालू राहिलेली असते.

भोकवाल्या पोर्टबद्दल फार सांगण्यासारखं नाही, फक्त टाइप-सीचं तोंड सारखं दिसलं म्हणून काम सारखं नसतं, एखाद्यातून फक्त चार्जिंग होतं, एखाद्यातून स्क्रीनही चालते. आणि हो, जहाजावरचे लोक पोर्ट साइड म्हणतात ती बंदराची बाजू नाही, पुढे तोंड करून उभं राहिलं की डावा हात येतो ती बाजू.

भाषांतर करणाऱ्यांनी एक सांभाळा. पोर्ट दिसला की बंदर लिहायची सवय लागते. मी एका मॅन्युअलमध्ये "बंदर ४४३ उघडे ठेवा" असं डोळ्यांनी वाचलंय. बंदर फक्त जहाजांसाठी ठेवा, बाकी सगळीकडे पोर्टच चांगला.

आमच्या फॉर्मवर मी नुसता पोर्ट शब्द काढून टाकला. आता "माल चढवायचं बंदर", "माल उतरवायचं बंदर" आणि सेटिंगमध्ये "सर्व्हरचा पोर्ट क्रमांक" असं सविस्तर लिहिलंय, तक्रार लिहितानाही लोक तेच शब्द वापरायला लागले. प्रिंटरची स्क्रीन तेवढी राहिली. तिथे अजून नुसतं "पोर्ट" आहे, आणि तिथे ९१०० हा प्रिंटरचा नेटवर्क पोर्ट क्रमांक टाकायचा की केबल कुठे लावलीय ते सांगायचं, असं विचारणारा फोन महिन्यातून एकदा येतोच.