पुळणीवर उभं राहून मुडदुशी कशी गरवावी

पुळणीवर आलेला नवा माणूस अंगातला सगळा जोर काढून गरी लांब फेकतो, आणि तिथंच चुकतो. मालवणच्या चिवला बीचसारख्या उथळ, वाळूच्या किनाऱ्यावर मुडदुशी (नगली) हा मासा भरतीबरोबर अगदी जवळ येतो आणि वाळूतले किडे, बारीक कोळंब्या टिपत फिरतो. गरी त्याच्या डोक्यावरून पलीकडं जाते.

म्हणून पहिली फेरी पूर्ण ओहोटीला, रिकाम्या हातानं मारा. उघड्या पडलेल्या वाळूत लांबट खळगे, चर दिसतात. भरती चढली की मासा याच वाटांनी आत येतो. एखाद्या माडाच्या नाहीतर होडीच्या रेषेत खूण धरून ठेवा. हा अर्धा तास महागड्या रॉडपेक्षा जास्त कामाचा.

वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दशमीला साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. थोडं मागंपुढं होतं, नेमकी वेळ मोबाइलवर बघा. भरतीच्या आधीचे दोन-तीन तास पाण्यात असा. उन्हं कलताना ते जुळून आले तर उत्तमच.

सामान थोडंच लागतं. सात-आठ फुटी रॉड, ०.२५ ते ०.३० मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनची दोरी), भोकाचं तीसेक ग्रॅमचं शिसं. त्याखाली स्विव्हल (दोरीला पीळ बसू न देणारी फिरती कडी), मग हातभर बारीक तंगूस आणि आठ किंवा दहा नंबरची गरी. मुडदुशीचं तोंड इवलंसं असतं. शिंगाळा या काटेरी माशाची जाड गरी लावलीत तर मुडदुशी आमिष कुरतडून नेईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. आमिषाला सोललेली कोळंबी, शेंगदाण्याएवढा तुकडा. आदल्या रात्री मीठ लावून ठेवली तर घट्ट होते आणि फेकताना सुटत नाही.

वीस-तीस पावलांवर फेका, तंगूस ताणून धरा आणि मिनिटाभरानं हातभर ओढा. शिसं वाळूवरून घासलं की धुरळा उठतो, मासा तो बघायला येतो. बोटाला टकटक जाणवली की झटका देऊ नका, रॉड नुसता उचला. अर्ध्या तासात काहीच नाही? दुसऱ्या चरावर सरका.

पाण्यात पाय उचलून नव्हे, घासत चाला. वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) दडून बसलेलं असतं. शिंगाळा लागला तर पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे सांभाळा. टोचलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टर गाठा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणं चालू असेल तर तिच्या दोरीच्या आसपास गरी टाकायची नाही. जून-जुलैत तर किनाऱ्यावर जाऊच नका.

वितीपेक्षा लहान मुडदुशी परत सोडा. ठेवायच्या त्यांची खवलं तिथंच, ओली असताना काढा. घरी नेईपर्यंत ती वाळून चिकटतात आणि मग सुरी घेऊन बसावं लागतं.