स्वस्तातलं बास रीळ घेताय? आधी या चुका टाळा

‘बास रीळ, १२+१ बेअरिंग, मॅक्स ड्रॅग १० किलो, एमआरपी ५,९९९, आता फक्त १,२९९.’ ऑनलाइन दुकानातल्या अशा एका ओळीत आकडे भरपूर असतात, पण मासेमारीच्या रॉडला लावायचं हे रीळ कामाचं की टाकाऊ हे त्यातल्या एकावरूनही कळत नाही. ते कळतं रीळ हातात आल्यावर, दहा-पंधरा मिनिटांत. ती मिनिटं सामान परत करायची मुदत संपायच्या आत काढा, एवढंच.

बास हा मूळचा अमेरिकेतला मासा. कराडच्या प्रीतिसंगमापासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णेत तो गळाला लागायचा नाही. तरी त्याच्यासाठी केलेली रिळं आपल्याकडे चालतात. कारण तो पाणवेलींच्या आडोशाला राहतो आणि आमिषावर झडप घालून येतो, अगदी आपल्या मरळीसारखा. जत, कवठेमहांकाळ, माण-खटावकडच्या तलावांत रबरी बेडूक फेकून मरळ काढायला ही रिळं सोयीची. महाशीरसाठी मात्र नाहीत. तो लागला की लांबवर पळतो आणि बासच्या रिळाच्या छोट्या स्पूलवरचा (दोरा गुंडाळायच्या चक्रीवरचा) दोरा बघता बघता संपतो.

बेअरिंग मोजत बसणं

१२+१ मधला ‘+१’ म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारं एकतर्फी रोलर बेअरिंग. उरलेल्या बारांपैकी खरं काम करतात तीन-चार: मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंचे दोन, पिनियनचं (छोट्या गिअरचं) एक आणि जमलं तर लाइन रोलरमधलं (दोरा ज्यावरून वळतो त्या चाकीतलं) एक. बाकीची हँडलच्या मुठीत आणि जिथे प्लास्टिकची बुश चालली असती तिथे आकडा फुगवायला बसवलेली. शिमानो कंपनीचं सिएना हे साधं स्पिनिंग रीळ (यात स्पूल स्थिर राहून दोरा त्याच्याभोवती गुंडाळला जातो) ३+१ वर खुशाल चालतं. बारा हलक्या बेअरिंगांपेक्षा तीन चांगली केव्हाही बरी, कारण गाळाच्या पाण्यात हलकी बेअरिंग आधी गंजतात आणि मग बारा ठिकाणांहून आवाज येतो.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे हँडलला झटका देऊन ते किती वेळ गरगर फिरतं ते बघणं. गिअरवर दाट ग्रीस असलेलं चांगलं रीळ लवकर थांबतं, कोरडं ठणठणीत रीळ फिरतच राहतं. रीळ तपासायचं ते ओझ्याखाली. दोऱ्याला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली बांधा आणि गच्चीवरून ती सावकाश वर ओढा. रिकामं फिरताना गुळगुळीत वाटणारं रीळ बाटली उचलताना कचकचलं, तर गिअरचे दात नीट बसत नाहीत. हलक्या प्रतीच्या रिळांत मुख्य गिअर जस्ताच्या ओतकामाचा असतो. एकदा का तो झिजायला लागला की ग्रीस भरून आवाज दबतो, झीज थांबत नाही.

ड्रॅगचा आकडा

ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढेल तेव्हा दोरा न तुटता सुटू देणारा स्पूलचा ब्रेक. मॅक्स ड्रॅग १० किलो लिहिलेलं २५०० साइजचं रीळ खरोखर १० किलोवर चालवलंत तर रीळ धरणारा पाय आणि बॉडी वाकेल, पिनियन तिरकं चालेल आणि दोरा तुटेल तो वेगळाच. ड्रॅग लावायचा असतो दोऱ्याच्या ताकदीच्या पाव भागावर, फार तर ३० टक्क्यांवर. २० पाउंडाचा दोरा म्हणजे साधारण ९ किलो, त्याचा पाव म्हणजे सव्वादोन किलो. मग १० किलोच्या ड्रॅगचे पैसे कशाला द्यायचे? हवा असतो तो एकसारखा सुटणारा ड्रॅग.

तो असा तपासा. दोऱ्याला लटकवायचा काटा बांधा. रॉड मध्ये घेऊ नका, रीळ हातात धरून दोरा सरळ ओढायला लावा, कारण रॉडच्या कड्यांचं घर्षण आकड्यात मिसळतं. ड्रॅग साधारण दोन किलोवर ठेवा आणि दुसऱ्या माणसाला काटा हळूहळू ओढायला सांगा. स्पूल सुटतानाचा आकडा आणि सुटल्यावर चालू असतानाचा आकडा, हे दोनच बघायचे. २.३ ला सुटलं आणि २.० वर चालत राहिलं तर उत्तम. ३.२ ला झटक्यात सुटलं, १.५ वर आलं, परत अडकलं, परत सुटलं, तर तो ड्रॅग मासा घालवणारच. मरळ काठाशी येऊन शेवटची मुसंडी मारते तेव्हाच असा झटका बसतो आणि गाठ तुटते. काटा नसेल तर दोन लिटरची भरलेली बाटली बांधून लोंबकळू द्या. ड्रॅग हळूहळू सैल करत जा. बाटली एका संथ चालीने खाली गेली तर ठीक. थांबत-थांबत, गचके खात गेली तर नाही.

अडकणारा ड्रॅग दरवेळी फेकून द्यायच्या लायकीचा नसतो. स्पूलवरची नॉब काढा, तारेची क्लिप सोडवा आणि आतल्या चकत्या निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडून मोबाइलवर फोटो काढा. हा फोटो विसरलात तर पुढचा अर्धा तास वाया. चकत्या दोन प्रकारच्या असतात. कान असलेल्या धातूच्या चकत्या स्पूलच्या खाचांत बसतात, इंग्रजी डी अक्षरासारखं भोक असलेल्या चकत्या दांड्यावर बसतात, आणि त्यांच्या मध्ये नमद्याच्या किंवा कार्बनच्या चकत्या. नमदा कोरडा खडखडीत असेल किंवा तेलाने चिंब असेल तर ड्रॅग गचके देतो. पुसून घ्या, ड्रॅग ग्रीसचा पातळ हात फिरवा. गाडीचं ग्रीस नको.

‘ड्रॅग काम करत नाही’, पण दोष ड्रॅगचा नसतो

नवीन रीळ, नवीन ब्रेडेड (विणलेला) दोरा, नॉब पार आवळलेली, तरी दोरा सुटत जातो. अशा तक्रारीवर लोक रीळ परत पाठवतात. स्पूल मुठीत घट्ट धरा आणि दोरा ओढा. स्पूल जागचं हललं नाही आणि तरी दोरा आला, तर अख्खी गुंडाळी स्पूलवर घसरते आहे. ब्रेडेड दोरा गुळगुळीत स्पूलला धरत नाही. आधी पाच-सात मीटर साधा तंगुसाचा दोरा गुंडाळून त्याला ब्रेडेड बांधा, नाहीतर स्पूलच्या तळाला इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. तीस रुपयांच्या टेपने हे काम होतं.

दोरा भरतानाही हात आखडता घ्या. स्पूलच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा राहू द्या, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढी. काठोकाठ भरलं की दोऱ्याची वेटोळी एकदम सुटतात आणि पहिल्या कड्यात गाठ बसते. फेक झाल्यावर तारेची कमान हाताने बंद करा. हँडल फिरवून बंद केली की पहिला वेढा सैल पडतो आणि पुढच्या फेकीला तोच गुंता होऊन बाहेर येतो.

आणि खोक्यात येणाऱ्या त्या दोन-तीन पातळ प्लास्टिकच्या चकत्या! बहुतेक लोक कचरा समजून खोक्याबरोबर टाकतात. दोरा स्पूलच्या पुढच्या काठाशी जास्त साचत असेल तर स्पूलखाली एक चकती वाढवायची, मागे साचत असेल तर एक काढायची. त्यासाठीच त्या दिलेल्या असतात.

गिअर रेशो आणि साइज

गिअर रेशो म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरा गुंडाळणारा भाग किती वेळा फिरतो ते. ७.१:१ म्हणजे वेगवान, ५.२:१ म्हणजे संथ, असं सरसकट म्हणता येत नाही. दोरा किती येणार हे स्पूलच्या व्यासावरही ठरतं. भरलेल्या स्पूलचा व्यास ४५ मिमी असलेलं ५.२:१ चं स्पिनिंग रीळ एका फेऱ्यात ४५ × ३.१४ × ५.२, म्हणजे सुमारे ७३ सेंटिमीटर दोरा ओढतं. ३३ मिमी स्पूलचं ७.१:१ चं बेटकास्टरही (दोरा फेकताना ज्याचं स्पूलच फिरतं ते रीळ) जवळपास तेवढाच ओढतं. तुलना करायची ती सेंटिमीटरची.

२५०० हा आकडाही सगळ्या कंपन्यांत एकाच मापाचा नसतो. त्यापेक्षा स्पूलवर लिहिलेलं बघा. ०.२५/२४० असेल तर ०.२५ मिमीचा दोरा २४० मीटर मावतो. तुम्हाला ०.३५ चा भरायचा असेल तर २४० ला ०.२५ च्या वर्गाने गुणून ०.३५ च्या वर्गाने भागा. उत्तर येतं साधारण १२२ मीटर.

पहिलंच रीळ बेटकास्टर

व्हिडिओत छान दिसतं म्हणून पहिलंच रीळ बेटकास्टर घेणारे बरेच. स्वस्त बेटकास्टरचं स्पूल जड असतं, त्यामुळे सात-आठ ग्रॅमचं आमिष त्याला गती देऊ शकत नाही. जोर लावून फेकलं की स्पूल आमिषापेक्षा जोरात फिरतं आणि दोऱ्याचं चिमणीचं घरटं होतं. बारा-पंधरा ग्रॅमचा बेडूक असेल तर जमतं. हाताशी एकच रीळ असणार असेल तर आमच्या मते ते ३००० साइजचं स्पिनिंगच असावं.

तरी घ्यायचंच असेल तर मागवताना डावं-उजवं नीट बघा. इथे ‘लेफ्ट हँड’ म्हणजे हँडल डावीकडे. स्पिनिंगचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं, बेटकास्टरचं येत नाही. सगळ्यात जास्त परत जाणारी ऑर्डर बहुधा हीच असेल.

मॅग्नेटिक ब्रेकची चकती खरी की शोभेची तेही पाहून घ्या. अंगठ्याचं बटण दाबून स्पूलला बोटाने फिरकी द्या, एकदा ब्रेक ० वर ठेवून आणि एकदा १० वर. चुंबकाजवळ फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या स्पूलमध्ये वीजप्रवाहाचे भोवरे तयार होतात आणि ते त्याला अडवतात, म्हणून १० वर ते स्पष्टपणे लवकर थांबलं पाहिजे. फरक जाणवला नाही तर परत पाठवा. फरक असेल तर सुरुवात ७-८ वर करा. रॉडच्या टोकाला आमिष लटकवून बटण दाबा आणि ते संथपणे खाली जाईल, जमिनीला टेकताच स्पूल थांबेल, इतपत बाजूची टेन्शन नॉब आवळा. आमिषाचं वजन बदललं की हे पुन्हा करायचं. वारा समोरून असेल तर ब्रेक दोन घरं वाढवा.

गुंता झाला आणि आमिष पलीकडच्या वेलीत अडकलं तर दोरा कापा. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, शंभर रुपयांच्या बेडकासाठी पाण्यात उतरायचं नाही. बऱ्याच तलावांचा मासेमारीचा ठेका संस्थांकडे असतो, तेव्हा विचारूनच बसा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर गळ टाकायचाच नाही.

हँडल हलतं, उलटं फिरतं

हँडल पुढे-मागे खुळखुळलं की लोक म्हणतात गिअर गेला. आधी पलीकडच्या बाजूचा स्क्रू बघा, निम्म्या वेळा तोच सैल असतो. घडीच्या हँडलमध्ये थोडा खुळखुळा राहणारच. थेट आट्यांनी बसणारं हँडल मिळत असेल तर शे-दोनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

हँडल मध्येच उलटं सटकत असेल तर तो एकतर्फी रोलरचा प्रश्न आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे तेल. त्यातले छोटे रोलर दांड्याला कोरड्या पकडीने धरतात. हौसेने तेल सोडलं की घसरतात. डिसेंबरच्या पहाटे ग्रीस घट्ट झालं तरी हेच होतं. रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग) काढून ते बेअरिंग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवा, वाळवा, आणि पुन्हा तेल घालू नका. नवीन रीळ तपासताना रोटर धरून हँडल मागे दाबायचं, आणि एकाच जागी न थांबता फेऱ्यात आठ-दहा ठिकाणी.

तेलाबद्दल अजून एक. घरातलं खोबरेल रिळात घालू नका. २४ अंशांच्या खाली ते गोठायला लागतं आणि हिवाळ्यात धोमच्या काठावर रीळ जड चालायला लागतं. शिलाई मशीनचं तेल चालतं: लाइन रोलरला एक थेंब, हँडलच्या मुठींना एकेक. गिअरला लिथियम ग्रीस, मुगाच्या दाण्याएवढं. पेट्रोलने धुतलं तर प्लास्टिक आणि रंग दोन्ही जातात.

लाइन रोलर फिरतो की नाही हे बघायला त्यावर मार्करने ठिपका द्या आणि दोरा ताणून ओढा. ठिपका जागचा हलला नाही तर दोऱ्याला पीळ पडेल आणि महिन्या-दोन महिन्यांत रोलरवर चर उमटेल. आयर्विन पुलाजवळच्या पावसाळी गढूळ पाण्यात रीळ वापरलंत तर त्याच दिवशी ड्रॅगची नॉब आवळून ते ओल्या फडक्याने पुसा. नळाच्या धारेखाली धरलं तर बारीक वाळू रोलरच्या आत जाते. पुसून वाळलं की नॉब पूर्ण सैल करून ठेवा, म्हणजे नमद्याच्या चकत्या दबून राहणार नाहीत.