पांदणीतली मोटारसायकल : पावसाळ्यातली घरगुती निगा

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडला की डांबरी रस्ता संपल्यापासून वावरापर्यंतचा तुकडा, म्हणजे पांदण, गाडीची खरी परीक्षा घेतो. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या भागातली भारी काळी माती ओली झाली की फुगते आणि स्वतःलाच चिकटते. त्यामुळे चाकाला लागलेला गारा, म्हणजे घट्ट चिखल, झडत नाही. थरावर थर चढतो, मडगार्डखालची जागा भरते आणि चाक फिरायचं थांबतं. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांतला चिखल पातळ असतो. तो चाक अडवत नाही, पण ब्रेकच्या ड्रममध्ये आणि बेअरिंगपर्यंत शिरतो. पुढचं सगळं १०० ते १२५ सीसीच्या साध्या गाड्या धरून लिहिलं आहे, कारण गावात दहांपैकी नऊ दारांत त्याच उभ्या असतात.

चाक जाम होण्याआधी

ॲक्सिलेटर तेवढाच आणि गाडी जड वाटायला लागली, पुढून घासल्याचा आवाज आला, की तिथेच थांबा. आणखी पन्नास पावलं रेटू म्हणून क्लच अर्धा दाबून इंजिन ओरडवलं तर क्लच प्लेट जळतात. आधी जळका वास येतो. काही दिवसांनी चढावर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही. तेव्हा प्लेट बदलण्यावाचून इलाज नसतो.

गारा काढायला इंचभर रुंद, फूटभर लांब लोखंडी पट्टी गाडीला कायम बांधलेली असावी. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सापडलेली पऱ्हाटी (कपाशीची काडी) ऐन वेळी मोडते. आधी गाडी न्यूट्रलमध्ये हातभर मागे ढकला, म्हणजे दाबून बसलेला थर सैल होतो. मग मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये मागच्या बाजूने पट्टी घालून उकरा. नंतर शॉकअप आणि चाक यांच्यामधली जागा साफ करा. मागच्या चाकाला चिमट्याच्या (चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या) पुढच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त गारा साचतो आणि नेमका तोच कोपरा विसरला जातो.

ट्रॅक्टरच्या चाकोरीत गाडी घालू नका. पांदणीच्या कडेला गवत असेल तिथून, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, एकसारख्या ॲक्सिलेटरवर चालवा. पुढचा ब्रेक विसरून जा.

पुष्कळ जण पावसाळ्यापुरतं पुढचं मडगार्ड काढूनच टाकतात. चाक मोकळं होतं हे खरं. पण बऱ्याच गाड्यांत मडगार्डची लोखंडी पट्टी दोन्ही शॉकअपना एकमेकांशी जखडून ठेवते. ती गेली की खड्ड्यात हँडल डगमगतं. शिवाय सगळा चिखल इंजिनच्या पात्यांवर उडतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनची पाती चिखलाने लिंपली की इंजिन तापतं आणि ओढत नाही. त्यापेक्षा मडगार्डच्या खालच्या टोकाचा रबरी फ्लॅप तेवढा चार महिने काढून ठेवा. गाऱ्याचा पहिला थर तिथेच अडतो.

धुणं

काळी माती वाळली की दगडासारखी होते. ती खरवडली की रंग जातो, म्हणून खरवडायची नाही, भिजवायची. ओलं बारदान टाकी, साईड पॅनल आणि मडगार्डवर पंधरा मिनिटं टाकून ठेवा, मग बादलीने पाणी सोडा. इंजिन आधी पूर्ण गार होऊ द्या. अर्ध्या बादलीला शॅम्पूची एक पुडी पुरते. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, त्याने ॲल्युमिनियमचे भाग काळे पडतात आणि रंगाची चकाकी मरते.

सर्व्हिसिंग सेंटरवरच्या प्रेशरच्या पाण्याने गाडी दहा मिनिटांत लखलखते, पण तो फवारा चाकाच्या ॲक्सलवर, हँडलखालच्या कोनसेटवर (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगवर), स्विचवर आणि प्लगच्या टोपीवर जवळून मारला तर पाणी सीलच्या आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि पुढच्या महिन्यात बेअरिंग वाजायला लागतं. फवारा निदान चार-पाच फुटांवरून मारायला सांगा. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, आणि गाडी चालू करण्याआधी तो आठवणीने काढा.

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, विहिरी-बोअरच्या खाऱ्या पाण्याने रिम, स्पोक आणि नटबोल्ट लवकर गंजतात. तिथे साठवलेल्या पावसाच्या पाण्याने शेवटची बादली मारा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. स्पोकच्या निपलवर ब्रशने इंजिन ऑइलचा हात फिरवला तरी बराच फरक पडतो.

युरियाची ४५ किलोची बॅग किंवा डीएपीची ५० किलोची बॅग गाडीवर आणली असेल तर त्याच संध्याकाळी कॅरिअर, चेन आणि मागचं चाक धुवा. सांडलेलं खत हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंड खातं. ‘उद्या धुऊ’ म्हटलं की सकाळी स्पोकवर तांबूस डाग तयार.

धुतल्यावर पन्नास-शंभर मीटर हळू चालवत दोन्ही ब्रेक हलके दाबत राहा. ड्रममधलं पाणी उष्णतेने उडेपर्यंत ब्रेक लागत नाहीत.

चेन

पावसाळ्यात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि वाचवायलाही सगळ्यात सोपं हेच. कोरड्या दिवसांत ५०० किलोमीटरला एकदा तेल पुरतं. पांदणीतून रोज जाणाऱ्या गाडीला जून ते सप्टेंबर दर आठवड्याला द्यावं लागतं. मातीचे कण तेलात मिसळले की लेप तयार होतो आणि तो पिना घासत राहतो. म्हणून धुतल्याशिवाय वरून तेल ओतत राहणं हे तेल न देण्यापेक्षाही वाईट.

गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये. चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना फडकं ओढलं जातं आणि त्यासोबत बोट जातं. चेनकव्हर पूर्ण बंद असेल तर त्याचे बोल्ट काढून दोन्ही भाग उतरवा. आत तळाशी साचलेला गारा बघून आवाज कुठून येत होता ते कळेल. जुना टूथब्रश आणि वाटीभर डिझेल घेऊन चेनच्या चारही बाजू घासा. डिझेल टायरवर आणि ब्रेकच्या ड्रमकडे जाऊ देऊ नका, खाली पुठ्ठा धरा. पेट्रोल वापरू नका : आगीचा धोका आहेच, आणि ओ-रिंगवाली (पिनांवर रबरी कड्या असलेली) चेन असेल तर रबरही खराब होतं. फडक्याने कोरडी पुसून अर्धा तास तशीच ठेवा.

मग ९० नंबरचं गिअर ऑइल. तेलाच्या कुपीने चेनच्या आतल्या बाजूने, खालच्या पदरावर, प्रत्येक रोलरला एक-एक थेंब. चाक फिरलं की तेल आतून बाहेर फेकलं जातं आणि पिनांपर्यंत पोचतं. बाहेरून दिलेलं तेल थेट रिमवर उडतं. दहा मिनिटांनी वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. जळकं इंजिन ऑइल चेनला देण्याची रीत गावोगाव आहे. त्यात धातूची बारीक भुकटी आणि काजळी असते, तेव्हा ते शेताच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना ठेवा.

आता ताण. खालच्या पदराच्या मध्यावर बोटाने चेन वर-खाली करा. बहुतेक साध्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर सैलपणा लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच जागी बघा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, एखादी जागा ताठ सापडते. माप त्या ताठ जागी धरायचं, नाहीतर गाडीवर दोन माणसं बसल्यावर चेन तिथे ताणून बेअरिंगवर जोर येतो.

ताण बदलायचा तर मागच्या ॲक्सलचा नट सैल करा, मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा : इकडे अर्धा फेर तर तिकडेही अर्धा फेर. चिमट्यावर दोन्ही बाजूंना रेघा कोरलेल्या असतात, त्या जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर चाक तिरकं बसतं, गाडी एका अंगाला ओढते आणि चेनसेटचे, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या चाक्यांचे, दात एकाच बाजूने झिजतात. ॲक्सल घट्ट केल्यावर ताण पुन्हा मोजा, कारण घट्ट करताना चाक किंचित सरकतं.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. ॲक्सल मागे सरकला की मागच्या ब्रेकचा रॉड ओढला जातो आणि ब्रेक लागलेलाच राहतो. गाडी जड चालते, ड्रम तापतो, आणि दोष पेट्रोलला दिला जातो. ब्रेक पेडल २० ते ३० मिलिमीटर मोकळं दाबलं जावं इतका रॉडचा नट सैल करा. मागचा लाल दिवा पेडल दाबल्यावरच लागतो ना, तेही बघा.

चेन बदलायची वेळ ओळखायला मागच्या दातेरी चाकीच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर सेट संपला. नुसती चेन बदलू नका. जुन्या चाकीचे वाकडे झालेले दात नवी चेन थोड्याच दिवसांत खराब करतात. क्लिपवाली चेन असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवा, म्हणजे अडखळून ती निसटणार नाही.

चालता चालता बंद पडणारी गाडी

पाच-सात किलोमीटर नीट चालून गाडी मेल्यासारखी बंद पडते. दहा मिनिटांनी पुन्हा चालू होते, पुन्हा बंद. मिस्त्री प्लग बदलतो, कार्बोरेटर उघडतो. त्याआधी एवढंच करा : बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं बारीक छिद्र धुळीने बुजलंय. पेट्रोल खाली जातं, पण वरून हवा आत येत नाही. बारीक तार आणि फुंकर, काम झालं.

झाकणाभोवतीच्या खळग्यातही पाणी वाहून जायला एक छिद्र असतं. ते चिखलाने बंद झालं की पावसाचं पाणी खळग्यात साचतं आणि झाकण उघडताना टाकीत उतरतं. महिन्यातून एकदा त्यात तार घाला. इथेनॉल पाणी शोषून घेतं. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात आणि इंजिनला नेमकं तेच मिळतं. झडीच्या दिवसांत गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. मोकळ्या जागेतल्या हवेची ओल टाकीच्या भिंतीवर जमते. किराणा दुकानातल्या बाटलीचं पेट्रोल अडीअडचणीला ठीक, पण बाटलीच्या तळाचं ओतू नका. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत कार्बोरेटरऐवजी बहुधा फ्युएल इंजेक्शन असतं, आणि त्यांचा टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो. त्या गाड्या रोज रिझर्व्हवर चालवू नयेत.

क्लच वायर

ती तुटते वरच्या टोकाला, लिव्हरमध्ये, आणि त्याआधी बरेच दिवस क्लच जड झालेला असतो. वायर वरून सोडवा, टोकाला पिशवीच्या प्लास्टिकचं नरसाळं रबराने घट्ट बांधा, त्यात दोन चमचे इंजिन ऑइल ओता आणि रात्रभर तसंच लटकत ठेवा. सकाळी खालून तेल ठिबकलेलं दिसलं की तेल आरपार गेलं. परत जोडल्यावर लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर सैलपणा ठेवा. त्याहून ताठ ठेवली तर प्लेट घसरतात. नवी वायर जुनीच्या शेजारून आधीच ओढून टेपने बांधून ठेवायची, म्हणजे वावरात तुटली तरी दोन टोकं जोडून घरी येता येतं.

बाभळीचा काटा

एकाच टायरचं पंक्चर आठवड्यात दोनदा निघालं, की समजा काट्याचं टोक टायरमध्येच राहिलं आहे. बाहेरून ते दिसत नाही, बोटांनी चाचपलं तर बोटात मोडतं. कापसाचा मूठभर बोळा टायरच्या आतून सगळीकडे फिरवा. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे काटा. चिमट्याने तो बाहेरच्या बाजूने ओढा. आतून ढकलला तर पुन्हा मोडतो.

गाऱ्यात पकड यावी म्हणून टायरमधली हवा पार कमी करण्याची सवय ट्यूबवाल्या टायरला महागात पडते. टायर रिमवर सरकतो, ट्यूब सोबत ओढली जाते आणि वॉल्व बुडातून फाटतो. त्याला पंक्चरची पट्टी लागत नाही, ट्यूबच बदलावी लागते. वॉल्व रिममधून तिरका बाहेर आलेला दिसला तर लगेच हवा सोडा, टायर सरकवून वॉल्व सरळ करा आणि मग चेनकव्हरवर किंवा चिमट्यावर चिकटवलेल्या आकड्याएवढी हवा भरा.

दसऱ्याच्या आधी

पूजेला गाडी धुतलीच जाते, तेव्हा त्याच दिवशी एअर फिल्टर उघडा. पुढे सोयाबीनची काढणी आणि मळणीची धूळ येते. स्पंजचा फिल्टर डिझेलमध्ये धुऊन, मग साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. नव्या इंजिन ऑइलमध्ये बुडवून, न पिळता मुठीत दाबून जास्तीचं तेल काढा. पिळला की स्पंज फाटतो. तेलकट कागदी फिल्टर धुवायचाही नाही आणि हवेने झाडायचाही नाही, काळा पडला की बदलायचा. आणि झेंडूचा हार हँडलला बांधताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. धाग्यात ॲक्सिलेटरची वायर अडकली तर वळणावर इंजिन आपोआप वाढतं.